नेपाळची वीज, भारताची तार, बांगलादेशचं बिल: सीमेपलीकडच्या विजेचा दर ठरतो तरी कसा?

४० मेगावॅट वीज म्हणजे फार नव्हे. एखाद्या मोठ्या साखर कारखान्याचा सहवीज प्रकल्प हंगामात एवढी वीज तयार करतो. पण नेपाळने बांगलादेशला एवढीच वीज विकायची ठरवली, तेव्हा तीन देशांच्या सरकारी कंपन्यांना एका टेबलावर यावे लागले आणि त्याआधी चर्चेत कित्येक वर्षे गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूत करारावर सह्या झाल्या. नेपाळ विद्युत प्राधिकरण विकणार, बांगलादेश पॉवर डेव्हलपमेंट बोर्ड घेणार आणि मधली तार भारताची. म्हणून भारताची एनटीपीसी विद्युत व्यापार निगम ही कंपनी तिसरी सही करणारी.

एवढा खटाटोप का, तर नेपाळ आणि बांगलादेश यांची हद्द एकमेकांना लागत नाही. मध्ये आपल्या सिलिगुडीजवळची २०-२२ किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. कापड किंवा डाळ असती तर ट्रक निघाला असता, नाक्यावर कागद दाखवून पलीकडे गेला असता. विजेचं तसं नाही. इथे माल कोणाचा यापेक्षा तार कोणाची हा प्रश्न मोठा असतो. दर, परवानगी, मोजणी, गळती, थकबाकी हे सगळे शेवटी तारेच्या मालकाच्या नियमांशी येऊन थांबते. दक्षिण आशियात हा तारेचा मालक म्हणजे भारत. नेपाळ, भूतान, बांगलादेश या तिघांचीही वीज भारताच्या जाळ्यातूनच एकमेकांकडे जाऊ शकते.

हा व्यवहार नेमका कसा चालतो, कायदा काय सांगतो आणि युनिटचा दर कोण ठरवतो, ते एकेक करून पाहू.

वीज हा माल वेगळा का?

पहिली गोष्ट, विजेला गोदाम नाही. बॅटरी आणि पाणी उलटे वर चढवणारे प्रकल्प सोडले तर तयार झालेली वीज त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी आणि पुरवठा जुळला नाही तर जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झपासून ढळते. फार ढळली की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडू लागते.

दुसरी गोष्ट, वीज ओळखू येत नाही. नेपाळच्या धरणातले युनिट आणि बिहारमधल्या कोळशाचे युनिट एकदा तारेत शिरले की सारखेच. म्हणून व्यवहार होतो तो मीटरवरच्या आकड्यांचा. भारतात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात. कोणत्या भागात कोण किती वीज जाळ्यात घालणार आणि कोण किती काढणार, याचे वेळापत्रक आधी द्यावे लागते. दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष मीटर यांत फरक पडला तर त्याचा आकार भरावा लागतो. परदेशी ग्राहकही याला अपवाद नाही. शेजारी देशांबरोबरचा हा हिशेब मिटवण्याचे काम भारताच्या वतीने एनटीपीसी विद्युत व्यापार निगमकडे आहे. जाळ्यावरची वाहतूक सांभाळते ती ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया.

तिसरी गोष्ट, जोडणीचा प्रकार. नेपाळ आणि भूतान भारताच्या जाळ्याशी थेट जोडलेले आहेत, त्यांच्याकडच्या बिघाडाची कळ इकडे जाणवू शकते. बांगलादेशशी मुख्य जोडणी पश्चिम बंगालमधील बहरामपूर ते बांगलादेशातील भेडामारा अशी आहे. तिथे वीज आधी एकदिश करून मग पुन्हा पर्यायी प्रवाहात बदलतात, त्यामुळे दोन जाळी जोडलेली असूनही अलग राहतात. ५०० मेगावॅटची ही जोडणी ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये आणखी ५०० मेगावॅटची भर पडली.

सुरुवात नदीच्या करारांतून

भारत-नेपाळ विजेचा संबंध आजचा नाही. कोसी नदीचा करार १९५४ चा, गंडकचा १९५९ चा. पुराचे नियंत्रण आणि सिंचन हे त्यातले मुख्य विषय, पण नेपाळला विजेचा वाटा देण्याची तरतूदही त्यांत होती. पुढे १९९६ च्या महाकाली करारात टनकपूर प्रकल्पातून नेपाळला वर्षाला ७ कोटी युनिट वीज विनामूल्य द्यायचे ठरले. म्हणजे सुरुवातीला वीज हा विकायचा माल नव्हता, पाण्याच्या बदल्यात मिळणारा हक्क होता.

भूतानची गोष्ट निराळी. तिथे भारताने पैसा घातला, प्रकल्प उभे केले आणि उरलेली वीज विकत घेतली. ३३६ मेगावॅटचा चुखा हा त्यातला पहिला मोठा प्रकल्प, १९८० च्या दशकात सुरू झाला. ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज अशी त्याची मांडणी होती. नंतर १०२० मेगावॅटचा ताला आला, तोही ६०-४० च्याच मांडणीवर. २०१९ मध्ये ७२० मेगावॅटचा मांगदेछू सुरू झाला तेव्हा प्रमाण फिरले होते: अनुदान ३० टक्के, कर्ज ७० टक्के. हे प्रमाण लक्षात ठेवा, दराच्या हिशेबात ते पुन्हा येणार आहे.

कायदा कसा घडत गेला

२०१४ पर्यंत हा व्यवहार त्या त्या वेळच्या करारांवर चालत होता. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये भारत-नेपाळ वीज व्यापार करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत वीज सहकार्याच्या चौकट करारावर सह्या झाल्या. दोन्हींचा सूर एकच होता: एकमेकांच्या बाजारात भेदभाव न करता प्रवेश द्यावा.

मग भारताने आपले नियम लिहिले आणि वादाला तोंड फुटले. डिसेंबर २०१६ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्या परदेशी प्रकल्पात भारत सरकारचा पैसा आहे किंवा भारतीय कंपनीची ५१ टक्के मालकी आहे, त्यांना एकदाच परवानगी पुरेशी. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी अर्ज करायचा. नेपाळ आणि भूतान दोघेही नाराज झाले. त्यांचे म्हणणे सरळ होते: आमच्या नदीवर आमच्या पैशाने बांधलेला प्रकल्प तुमच्या बाजारात दुय्यम का?

दोन वर्षांत, डिसेंबर २०१८ मध्ये, ती तत्त्वे मागे घेऊन नवी काढण्यात आली. त्यात तीन बदल महत्त्वाचे होते. एक, मालकीची ती अट सैल झाली. दोन, भारतीय व्यापारी कंपनीमार्फत शेजारी देशाला भारताच्या वीज बाजारात उतरता येईल, असा मार्ग मोकळा झाला. तीन, भारताची तार वापरून दोन शेजारी देश आपसात व्यवहार करू शकतील, पण त्यासाठी भारताशी करार हवा. नेपाळ-बांगलादेश सौद्याचे मूळ या तिसऱ्या कलमात आहे.

त्यावर केंद्रीय वीज नियामक आयोगाने मार्च २०१९ मध्ये सविस्तर विनियम आणले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानगीची कार्यपद्धती निघाली. आज कामाची वाटणी साधारण अशी आहे. धोरण ऊर्जा मंत्रालयाचे. आयात-निर्यातीची मंजुरी केंद्रीय विद्युत प्राधिकरणातल्या नियुक्त अधिकाऱ्याकडे. तारेचे भाडे, वेळापत्रक, फरकाचा आकार हे आयोगाच्या विनियमांप्रमाणे. हिशेब एनटीपीसी विद्युत व्यापार निगमकडे. दराबाबत मात्र एकच एक नियम नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

युनिट एक, दर ठरवण्याच्या रीती पाच

पहिली रीत सरकार-सरकारची. भूतानच्या मोठ्या प्रकल्पांचा दर दोन्ही सरकारे बसून ठरवतात. प्रकल्पाचा खर्च, कर्जाचे हप्ते, व्याज, देखभाल आणि थोडा परतावा धरून आकडा काढला जातो. तालाची वीज सुरुवातीला १ रुपया ८० पैसे युनिटने आली. मांगदेछूचा दर २०१९ मध्ये ४ रुपये १२ पैसे ठरला. दोन्ही पाण्याचीच वीज, मग एवढा फरक का? एक तर मधल्या काळात बांधकाम महागले, आणि वर सांगितलेले प्रमाण बदलले. अनुदान कमी, कर्ज जास्त, म्हणजे व्याज जास्त. वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही सांगेल की भांडवल कोणाचे आणि कोणत्या अटीवर आले, यावरच उत्पादनाचा खर्च ठरतो.

दुसरी रीत नियामकाची. बांगलादेशला बहरामपूर मार्गाने पहिल्यांदा वीज गेली, तेव्हा त्यातले २५० मेगावॅट एनटीपीसीच्या केंद्रांतून देण्यात आले. दर तोच, जो केंद्रीय आयोग त्या केंद्रांसाठी भारतातल्या राज्यांना लावतो. म्हणजे ढाक्याच्या ग्राहकाला आणि आपल्या राज्यांच्या वीज कंपन्यांना एकच मापदंड.

तिसरी रीत समितीची. बिहारच्या सीमेवर जुन्या छोट्या वाहिन्या आहेत. त्यांवरच्या देवाणघेवाणीचा दर भारत-नेपाळची संयुक्त समिती ठरवते आणि वाहिनीच्या व्होल्टेजप्रमाणे तो वेगवेगळा असतो. व्होल्टेज कमी तर दर जास्त, कारण वीज खालच्या पातळीवर आणेपर्यंत गळतीही वाढते आणि खर्चही.

चौथी रीत खासगी कराराची. झारखंडमधील गोड्डा येथे अदानी समूहाचा १६०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प खास बांगलादेशसाठी उभा राहिला. २०१७ मध्ये २५ वर्षांचा करार झाला, २०२३ मध्ये दोन्ही संच सुरू झाले. प्रकल्प भारतात, कोळसा समुद्रापलीकडचा, ग्राहक बांगलादेश. इथे दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, वीज घेतली-न घेतली तरी क्षमतेपोटी द्यायचा. दुसरा इंधनाचा आकार, जो आंतरराष्ट्रीय कोळशाच्या निर्देशांकाला बांधलेला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कोळसा भडकला आणि प्रकल्प सुरू होण्याआधीच बांगलादेशने कोळशाच्या दराचा फेरविचार मागितला.

पाचवी रीत बाजाराची, म्हणजे वीज एक्स्चेंजची. इंडियन एनर्जी एक्स्चेंज २००८ पासून चालू आहे. उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो, दिवसाच्या ९६ भागांसाठी वेगवेगळा. विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या बोली जिथे जुळतात तो दर सर्वांना सारखा लागू. नेपाळने एप्रिल २०२१ पासून इथे खरेदी सुरू केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांची ३९ मेगावॅट वीज विकायलाही सुरुवात केली. भूतानही हिवाळ्यात इथून वीज घेतो.

या पाचांपैकी कोणती रीत वाट्याला येते, त्यावर देशाचा फायदा-तोटा ठरतो. आणि रीत निवडायची मोकळीक सगळ्यांना सारखी नसते.

पावसाळ्यात विका, हिवाळ्यात घ्या

नेपाळची अडचण समजायला आपल्या कोयनेचे उदाहरण बरे. १९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प शिवाजीसागर जलाशयावर उभा आहे. पावसाचे पाणी साठवायचे आणि मागणी चढेल त्या तासांना वीज काढायची, असा त्याचा खाक्या. नेपाळमधले बहुतेक प्रकल्प मात्र नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात, साठा नाही. नेपाळचा जुना साठवण प्रकल्प म्हणजे कुलेखानी, त्याचे तीन टप्पे मिळून १०६ मेगावॅट.

परिणाम काय? पावसाळ्यात नद्या दुथडी भरल्या की गरजेपेक्षा जास्त वीज, आणि हिवाळ्यात पाणी आटले की तुटवडा. एके काळी नेपाळमध्ये दिवसाला १६-१८ तासांचे भारनियमन होते. २०१६ नंतर ते घरगुती ग्राहकांसाठी आणि २०१८ मध्ये उद्योगांसाठी संपले. त्यात कारभाराची सुधारणा होती तशी भारतातून येणारी वीजही होती. ढल्केबर-मुझफ्फरपूर ही मोठी वाहिनी २०१६ मध्येच सुरू झाली होती. २०२१ मध्ये ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी आला आणि पावसाळ्यात वीज उरू लागली. उरलेली वीज विकली नाही तर पाणी सांडव्यावरून सोडून द्यायचे, एवढाच पर्याय. ते पाणी परत येत नाही आणि प्रकल्पाच्या कर्जाचा हप्ताही थांबत नाही.

आता हिशेब मांडू. नेपाळ विद्युत प्राधिकरण खासगी प्रकल्पांकडून वीज घेते, त्याचा पायाभूत दर पावसाळ्यात ४.८० नेपाळी रुपये आणि कोरड्या महिन्यांत ८.४० नेपाळी रुपये. नेपाळी रुपया भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. म्हणजे आपल्या पैशात पावसाळ्यातली खरेदी ३ रुपये, कोरड्या महिन्यांतली सव्वापाच रुपये. प्राधिकरणाने हरियाणासाठी पावसाळी महिन्यांचा पाच वर्षांचा जो करार केला त्यात दर आहे ५ रुपये २५ पैसे. ३ ला घेऊन ५.२५ ला विकणे हा बरा धंदा. सव्वादोन रुपयांचा सगळा नफा उरत नाही, त्यातून तारेचा खर्च आणि गळती जाते, पण सांडव्यावरून पाणी सोडण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

एक्स्चेंजवर चित्र आणखी चढउताराचे. दुपारी भारतातली सौर वीज जोरात असते, दर पडतो. सूर्य मावळला की दर चढतो. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा आणि कोळसाटंचाई एकत्र आली तेव्हा दर २० रुपयांना टेकला. मग आयोगाने युनिटमागे १२ रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती १० रुपयांवर आणली. ही मर्यादा भारतीय ग्राहकाला वाचवण्यासाठी होती. पण नेपाळ विकायला उभा असेल तेव्हा त्याचीही कमाई तिथेच अडते, आणि कोरड्या दिवसांत घ्यायला आला तर त्याचाही बचाव होतो. शेजाऱ्याच्या अर्थसंकल्पावर दिल्लीतला एक आदेश असा दोन्ही बाजूंनी परिणाम करतो.

२०२३-२४ या नेपाळी आर्थिक वर्षात नेपाळने भारताकडून घेतली त्यापेक्षा जास्त वीज विकली. पहिल्यांदाच.

बांगलादेशच्या ४० मेगावॅटचा जमाखर्च

पुन्हा तीन देशांच्या त्या कराराकडे येऊ. दर ६.४ अमेरिकी सेंट प्रतियुनिट. मुदत पाच वर्षे, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर. २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला एका दिवसापुरती वीज देऊन मुहूर्त झाला आणि १५ जून २०२५ पासून नियमित पुरवठा सुरू झाला.

पाच महिन्यांत चोवीस तास पूर्ण ४० मेगावॅट गेली असे धरले तर साधारण १४.७ कोटी युनिट होतात आणि नेपाळच्या हाती जवळपास ९४ लाख डॉलर येतात. देशाच्या मानाने रक्कम लहान. पण नेपाळसाठी भारताखेरीज दुसरा गिऱ्हाईक मिळाला, हे तिचे खरे मोल.

यातली एक अट नीट वाचण्यासारखी आहे. ६.४ सेंटचा दर मोजला जातो तो बिहारमधील मुझफ्फरपूरच्या मीटरवर. म्हणजे नेपाळपासून मुझफ्फरपूरपर्यंतची गळती नेपाळच्या अंगावर, त्यापुढे भेडामाऱ्यापर्यंतची गळती आणि भारतीय तारेचे भाडे, व्यापारी कंपनीचे कमिशन हे बांगलादेशच्या अंगावर. समजा तारेत १०० युनिट घातले आणि वाटेत ३ गेले, तर पलीकडे ९७ पोहोचतात आणि त्यांचा दर आपोआप चढतो. मालाच्या व्यापारात पोहोच कुठली, गाडीभाडे कोणाचे, हे आधी ठरवतात ना, तसेच हे.

दुसरी बाब चलनाची. नेपाळी रुपया भारतीय रुपयाला बांधलेला, भूतानचे नुल्त्रुम तर रुपयाच्या बरोबरीचे. त्यामुळे भारताशी व्यवहारात चलनाचा धोका नाही. बांगलादेशचा टका तसा बांधलेला नाही आणि करार डॉलरमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टक्यांच्या आसपास द्यावे लागत, २०२४ च्या अखेरीस १२० च्या आसपास. विजेचा डॉलरमधला दर जागचा हलला नाही तरी ढाक्यातले बिल असे वाढत गेले.

थकबाकी झाली की काय होते?

गोड्डाच्या बाबतीत हेच डोळ्यांसमोर आले. डॉलरची चणचण, त्यात ऑगस्ट २०२४ मधला सत्ताबदल, थकबाकी वाढत गेली आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने पुरवठा निम्म्यावर आणला. दुसऱ्या देशातल्या वीज केंद्रावर अवलंबून राहण्याचा अर्थ बांगलादेशला तेव्हा कळला.

भारतानेही त्याच काळात एक पाऊल उचलले. १२ ऑगस्ट २०२४ रोजी २०१८ च्या तत्त्वांत दुरुस्ती झाली. फक्त परदेशासाठी उभारलेल्या केंद्राची वीज तिकडे पूर्ण उचलली जात नसेल किंवा पैसे थकले असतील, तर ते केंद्र भारतीय जाळ्याला जोडून वीज इथे विकता येईल. विकणाऱ्याला संरक्षण मिळाले. घेणाऱ्याच्या हातातले एक पत्तं मात्र गेले, कारण 'आम्ही घेतली नाही तर तुम्ही कुठे विकणार?' असे त्याला आता म्हणता येत नाही.

चीनचे कलम

२०२१ च्या कार्यपद्धतीत मालकीची कसून चौकशी आहे. ज्या देशाची जमिनीची हद्द भारताला लागते पण वीज सहकार्याचा करार नाही, तिथल्या गुंतवणुकीचा संबंध असेल तर मंजुरी अवघड. नाव लिहिलेले नसले तरी रोख चीनकडे आहे, हे सगळे जाणतात. प्रत्यक्षात चिनी गुंतवणूकच नव्हे तर चिनी कंत्राटदाराने बांधलेल्या प्रकल्पांची वीजही भारत घेत नाही. अप्पर तामाकोशी नेपाळच्याच पैशाने झाला, पण त्याचे बांधकाम चिनी कंपनीकडे होते, म्हणून तो बाहेर राहिला. ऑगस्ट २०२४ पर्यंत भारताने नेपाळच्या २८ प्रकल्पांची ९४१ मेगावॅट वीज मंजूर केली होती, प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे तपासून.

भारताची बाजू सुरक्षेची आहे आणि ती पोकळ नाही. जाळे थेट जोडलेले असताना पलीकडे कोण बसले आहे, हे पाहावेच लागते. नेपाळची बाजूही समजण्यासारखी. वीज तारेत शिरल्यावर तिला राष्ट्रीयत्व नसते आणि मंजुरी प्रकल्पागणिक, ठराविक मुदतीची असेल तर बँक पुढच्या प्रकल्पाला कर्ज देताना हात आखडता घेते. जानेवारी २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांत १०,००० मेगावॅट वीज घेण्याचा करार नेपाळशी केला. आकडा मोठा आहे. पण त्यात दर लिहिलेला नाही, तो प्रत्येक सौद्यात पुन्हा ठरायचा आहे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तारेनेच जोडलेला आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एक झाले. तेव्हापासून कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा आणि हिमालयाच्या पायथ्याची बिहार-बंगालची वीज एकाच ५० हर्ट्झच्या तालावर चालते. एक्स्चेंजच्या लिलावात नेपाळची बोली आणि कर्नाटकच्या वीज कंपन्यांची बोली एकाच टोपलीत पडते. पावसाळ्यात नेपाळची पाण्याची वीज जितकी जास्त, तितका त्या तासांचा दर खाली राहायला मदत होते. थेट बिलात हा फरक दिसणार नाही, कारण आपला दर राज्याचा आयोग वर्षाच्या हिशेबाने ठरवतो. पण वीज खरेदीचा खर्च हाच त्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा असतो.

आणि एका जाळ्यावर दोन दर कसे असतात, हे आपल्या भागाला शिकवायला नको. निपाणीला हेस्कॉमचे बिल येते, कागलला महावितरणचे. जाळे एक, आयोग दोन, दर दोन. इथे निदान वर केंद्रीय आयोग आहे, अपीलासाठी न्यायाधिकरण आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश यांच्या आणि भारताच्या वर असा कोणताही सामाईक आयोग नाही. सार्कची चौकट कागदावर राहिली. म्हणून तारेच्या मालकाचे नियम हेच प्रत्यक्षातले नियम ठरतात, आणि ते नियम जितके स्थिर, तितका शेजाऱ्याला आणि आपल्यालाही फायदा. २०१६ चे २०१८ मध्ये बदलले, २०२४ मध्ये पुन्हा दुरुस्त झाले. २५ वर्षांचे कर्ज काढून धरण बांधणाऱ्याला हा वेग परवडत नाही.

पुढे बुटवल-गोरखपूर ही नवी ४०० केव्हीची वाहिनी येणार आहे, नेपाळची निर्यात वाढणार आहे आणि 'अमुक हजार मेगावॅटचा ऐतिहासिक करार' असे मथळे वरचेवर दिसणार आहेत. अशी बातमी वाचताना पाच प्रश्न विचारावेत. वीज वर्षभर की काही महिनेच? दर कोणत्या रीतीने ठरला? मोजणी कोणत्या मीटरवर, म्हणजे गळती कोणाची? पैसे कोणत्या चलनात? आणि थकले तर वीज कोणाकडे वळणार? या पाचांची उत्तरे करारात असतील तर सौदा पक्का समजावा. नसतील, तर मेगावॅटचा आकडा कितीही मोठा असला तरी तो अजून कागदावरच आहे.